राज्याबाहेर जायचं नाही

बाबांनी नकाशावर नखानं रेघ ओढली
मिसिसिपीच्या अलीकडे.
पलीकडे फी तिप्पट, पलीकडचं बोलूच नकोस.
आणि मग, बऱ्याच वेळानं,
"एक नदी ओलांडली मी लहानपणी,
काखेत बांबू बांधून, रात्रीची.
आपल्या घराला तेवढी पुरे."

विस्कॉन्सिन काही लहान नाही.
हरवायचंच असेल तर इथंही हरवता येतं.

आमची शेती म्हणजे भाड्याची साडेतीन एकर,
वर काळ्या जाळीचं छत, खाली कायमची संध्याकाळ.
जिनसेंग तिथं चार वर्षं मुकाट जाड होतो,
त्याला माणसासारखे पाय फुटतात.
मग एका ऑक्टोबरात उपटला
की ती जमीन त्याला पुन्हा घेत नाही.
मका घेते, बटाटा घेते, गवत तर घेतेच,
त्याला नाही.
आम्ही जाळी गुंडाळतो, खांब काढतो,
नवा ग्लिंस्की शोधतो.
(जमिनीच्या पहिल्या मालकाचं नाव ग्लिंस्की होतं,
तेव्हापासून सगळेच मालक ग्लिंस्की.
माझ्या जन्मापासून पाच झाले.)

तर मी तिन्ही कॉलेजांत एकच प्रश्न नेला:
का घेत नाही?

मॅडिसनला दाखवणारा मुलगा उलटा चालत होता,
आकडे तोंडपाठ, एकदाही अडखळला नाही.
राज्याचा पक्षी असतो, फूल असतं,
आमच्या राज्याला नेमलेली मातीसुद्धा आहे,
ती तिथं काचेत उभी होती, वरून खाली तपकिरी.
घरापासून तासाभरावर पायाखाली येते ती.
काचेत पाहुण्यासारखी अवघडून बसलेली वाटली.
प्रश्न त्यानं लिहून घेतला. मेल येईल म्हणाला.
आली. वसतिगृहाच्या जेवणाबद्दल होती.

रिव्हर फॉल्सला गाईच्या कुशीत झाकण.
"घाल हात," म्हणाली आयव्ही नावाची मुलगी.
कोपरापर्यंत गेला.
आत गरम, दमट, कुणाचं तरी काम चाललेलं.
मी प्रश्न विसरले.
आई विसरली नाही, पण तिचा प्रश्न वेगळा होता:
"इथं विकायला शिकवतात का?
मुळं घ्यायला माणूस येतो, भाव तोच सांगतो,
आम्ही फक्त चहा देतो."
आयव्हीनं एक पत्रक दिलं.
आईनं ते घडी करून पर्समध्ये ठेवलं, अजून तिथंच आहे.

तिसरं गाव घरापासून पस्तीस मैल,
यादीत नुसतं पेट्रोल वाचवायला घातलेलं.
काचघरात एक बाई कुंड्या धूत होती, डोलोरेस,
गुडघ्यापर्यंत रबरी बूट.
"माहीत नाही," म्हणाली.
"कुणी बुरशी म्हणतं, कुणी म्हणतं मूळच काही सोडून जातं.
अकरा वर्षं मी तुमच्यासारख्यांची माती आणून लावते.
सगळे मरतात.
ही बघ. ही जरा उशिरा मेली."
आणि ती कुंडी तिनं अशी पुढे केली
जशी मावशी नवं बाळ दाखवते.

"वर्षाला इतके हजार," बाबा म्हणाले,
"'माहीत नाही' शिकायला?"
तू गेर खो खो हसला. त्याला ट्रक चालवायचाय,
त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

अर्जात चौकोन होता: हेच कॉलेज का?
मी लिहिलं, एक कुंडी उशिरा मेली.
खोडलं.
लिहिलं, कृषिक्षेत्रात नेतृत्व करण्याची मनीषा.
तेही खोडलं, जास्त जोरात.
रात्री चौकोन कोराच ठेवून झोपले.

सकाळी दारात बाबांचे बूट ओले.
टेबलावर पावाची पिशवी, तोंडाला गाठ,
आत बर्फाखालून खणलेली माती,
वर मार्करनं त्यांचं तिरकं अक्षर:
दुसरा ग्लिंस्की, २००९.

"त्या बाईला दे," म्हणाले,
आणि जाळीवर बर्फ किती साचलाय ते बघायला गेले.
पिशवीला आतून घाम सुटला होता.